मेटलर्जी पुण्यात, मिल हजार किलोमीटरवर: खनिज दळण्याच्या नोकरीत शिरणाऱ्यांसाठी

पुण्यात मेटलर्जी शिकणाऱ्याला चार वर्षांत लोखंडाचा रस दिसतो, फोर्जिंगचा हातोडा दिसतो, हीट ट्रीटमेंटची भट्टी दिसते. दिसत नाही ते खनिज. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बसाल्ट. त्यातून खडी निघते, खाण निघत नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या भोसरी-चाकणच्या, त्यामुळे खाणीतून आलेल्या दगडाचं पीठ करून त्यातला कामाचा भाग वेगळा काढणं हा मेटलर्जीचाच पहिला अध्याय आहे, हे परीक्षा संपली की विसरायला होतं.

त्या अध्यायात पोट भरायचं ठरवलेल्यांसाठी हे लिहितोय. मी इथेच शिकलो आणि पहिली बॉल मिल पाहिली ती थेट नोकरीच्या पहिल्या दिवशी. "मिलमध्ये लागलो" असं घरी सांगितल्यावर आजीने विचारलं होतं, "कापडाच्या की पिठाच्या?" पिठाच्या, असंच म्हणायला हवं होतं.

आधी काम काय आहे ते

तांब्याच्या खनिजात बऱ्याचदा एक टक्क्याच्या आसपास तांबं असतं. शंभर किलो दगडात एक किलो. तेही सुट्या गोळ्यासारखं नाही, मिलिमीटरच्या अंशाएवढ्या कणांत दगडभर विखुरलेलं. कण मोकळे करायचे तर दगड तेवढा बारीक करावाच लागतो. क्रशरमधून दहा-बारा मिलिमीटरपर्यंत, मग पोलादी गोळ्यांच्या फिरत्या मिलमध्ये (हीच बॉल मिल) पाण्याबरोबर शंभरेक मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यानंतर फ्लोटेशन: रसायन लावलेले खनिजकण हवेच्या बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, बाकीचा दगड खाली राहतो. ताक घुसळल्यावर लोणी वर येतं तसं दिसतं खरं, पण लोणी हलकं असतं म्हणून वर येतं. इथे पाण्याच्या चौपट जड कण केवळ बुडबुड्याच्या आधाराने तरंगतो. मुलाखतीत हा फरक सांगता आला तर समोरचा जरा सावरून बसतो.

लोह आणि मँगनीजमध्ये फ्लोटेशनपेक्षा वजनावर किंवा चुंबकाने वेगळं करणं जास्त. ही विद्या पुण्याला अगदीच परकी नाही. सराफांच्या दुकानांसमोरची माती, राख गोळा करून पाण्यात धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. ग्रॅव्हिटी सेपरेशनचा याहून चांगला धडा मला कुठल्याच लॅबमध्ये मिळाला नाही.

पायरी पहिली: पदवी

हे थोडक्यात, कारण माहिती सगळीकडे मिळते. सीओईपी ही पुण्याची जुनी इंजिनिअरिंगची संस्था १८५४ ची, तिथे मेटलर्जीची पदवी १९४८ पासून. डिप्लोमा करणाऱ्यांसाठी शासकीय तंत्रनिकेतन आहे. नागपूरला व्हीएनआयटी. खनिज प्रक्रियेतच खोल शिरायचं असेल तर धनबादची आयएसएम, जी आता आयआयटी आहे, किंवा कर्नाटकात संडूरजवळचं नंदीहळ्ळीचं पदव्युत्तर केंद्र. गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या मेटलर्जीच्या पेपरात मिनरल प्रोसेसिंगवर प्रश्न असतात आणि सोपे असतात; मुलं थर्मोडायनॅमिक्सच्या धाकाने तो भाग सोडतात. सोडू नका. सरकारी खाण कंपन्यांची काही भरती गेटच्या गुणांवर होते, काही स्वतंत्र परीक्षेने. जाहिरात नीट वाचायची, इतकंच.

पायरी दुसरी: पुण्यात असतानाच करायच्या गोष्टी

एक, मोशी किंवा वाघोलीच्या बाजूला खडीक्रशरवर जा. मालकाला विचारून जा, हेल्मेट आणि मास्क घालून. जॉ क्रशर, त्यानंतरची चाळण, चाळणीवर राहिलेला मोठा माल परत क्रशरकडे नेणारा पट्टा, हे सगळं तिथे उघड्यावर दिसतं. त्या परतीच्या पट्ट्याकडे दहा मिनिटं बघा. मिलिंगमध्ये ज्याला सर्क्युलेटिंग लोड म्हणतात तो हाच. घरात पीठ चाळून चाळणीवर उरलेलं जाडं परत जात्यात घालायचे, तोच हिशोब. फक्त बॉल मिलला चाळणीऐवजी हायड्रोसायक्लोन असतो, म्हणजे पाण्यातला माल गरगर फिरवून जाडं खालून आणि बारीक वरून काढणारा शंकू, आणि परत येणारा माल नव्या मालाच्या अडीच-तीन पट असतो. हा आकडा ऐकून नवीन माणूस दचकतो, "म्हणजे मिल काम करत नाही की काय?" उलट आहे. माल मिलमध्ये थोडाच वेळ थांबावा, बारीक झालेला लगेच बाहेर पडावा आणि उगाच त्याची भुकटी होऊ नये, म्हणून हे.

दोन, कॉलेजच्या लॅबमध्ये चाळण्यांचा संच आणि रिफल स्प्लिटर (नमुन्याचे सारखे भाग करणारी पेटी) असेल. धूळ खात पडलेला असेल. तो काढा आणि दोन किलो वाळूचे नमुने स्वतः विभागून, चाळून, आलेख काढा. तेच तीनदा करा. तिन्ही आलेख एकावर एक बसेपर्यंत तुम्हाला नमुना विभागता येत नाही असं समजा.

तीन, यंत्रं बनवणारे इथेच आहेत. दापोडीला सँडविक, पिंपरीला टीकेआयएल (पूर्वीची थिसेनक्रुप). पिंपरीचीच केएसबी, जिच्या समूहातले जीआयडब्ल्यू हे स्लरी (पाणी आणि दगडाचं पीठ यांचं मिश्रण) ढकलणारे पंप जगभरच्या मिलांवर चालतात. पुण्यात खनिज नाही, पण खनिजाची अवजारं आहेत. सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली तर ती नुसती डिझाइनच्या टेबलावर घालवू नका, साइटवर जाणाऱ्या सर्व्हिसच्या माणसांबरोबर चहा प्या. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सच्या पुणे शाखेचं विद्यार्थी सदस्यत्व घ्या. व्याख्यानांपेक्षा त्यानंतरच्या गप्पांत जास्त मिळतं.

प्रकल्पासाठी बाहेर जाता आलं तर नागपूरला इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची हिंगण्याची प्रयोगशाळा, जमशेदपूरची एनएमएल (राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा) किंवा भुवनेश्वरची आयएमएमटी (खनिज आणि पदार्थ तंत्रज्ञान संस्था). खरं खनिज, खऱ्या छोट्या मिल.

पायरी तिसरी: एक गणित तोंडपाठ

सूत्रं खूप आहेत. एक मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवं: फ्रेड बाँड यांनी १९५२ मध्ये मांडलेलं. खनिज दळायला टनामागे किती वीज लागेल ते यातून निघतं.

प्रत्येक खनिजाचा एक वर्क इंडेक्स असतो, म्हणजे त्याचा दळायला चिवटपणा. तो ठरवण्यासाठी १२ इंच व्यासाची आणि तितक्याच लांबीची छोटी मिल वापरतात, मिनिटाला ७० फेऱ्यांच्या वेगाने, ३.३५ मिलिमीटरखाली फोडलेला माल घालून, सर्क्युलेटिंग लोड २५० टक्क्यांवर स्थिर होईपर्यंत. कंटाळवाणी चाचणी आहे, दिवस जातो. एकदा तरी स्वतः करा.

मग हिशोब. बाहेर पडणाऱ्या मालाचा ८० टक्के भाग ज्या आकाराखाली जातो तो आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, एकाला त्याने भागा. आत जाणाऱ्या मालाचंही तसंच. पहिल्यातून दुसरं वजा करा, उरलेल्याला दहाने आणि वर्क इंडेक्सने गुणा.

समजा वर्क इंडेक्स १४, आत जाणारा माल १०,००० मायक्रॉन, बाहेर हवा १००. एक भागिले दहा म्हणजे ०.१, एक भागिले शंभर म्हणजे ०.०१. फरक ०.०९. दहा गुणिले चौदा गुणिले ०.०९, म्हणजे टनाला १२.६ युनिट. तासाला २०० टन माल असेल तर २,५२० किलोवॉट.

आता फ्लोटेशनवाले साहेब म्हणतात, "जरा बारीक द्या, ७५ मायक्रॉन." जरा! पुन्हा मांडलं की टनाला जवळपास १४.८ युनिट येतं. वाढ सुमारे २.१७. दिवसाच्या ४,८०० टनांवर साधारण १०,४०० युनिट जादा. युनिट आठ रुपयांनी धरलं तर रोजचे ८३,००० रुपये. गोळे आणि लायनर (मिलच्या आतलं अस्तर) जास्त झिजतील ते वेगळंच. मुळात तुमच्या मोटरीत ४३० किलोवॉट शिल्लक आहेत का, हा त्याआधीचा प्रश्न.

दुसरी बाजूही मांडा. खनिजात एक टक्का तांबं असेल तर दिवसाला ४८ टन तांबं आत जातं. बारीक दळल्याने रिकव्हरी, म्हणजे आत गेलेल्या धातूपैकी हाती येणारा भाग, अर्धा टक्का वाढली तर २४० किलो तांबं जास्त हाती. त्या दिवसाचा तांब्याचा भाव बघा, स्मेल्टर (धातू वितळवून काढणारा कारखाना) कापून घेतो तेवढं वजा करा, आणि साहेबांना उत्तर द्या. हा हिशोब आपणहून कागदावर मांडणारा मुलगा किंवा मुलगी मुलाखतीत दहा मिनिटांत कळते.

पायरी चौथी: अर्ज कुठे करायचा

मी नवख्यांना नकाशाऐवजी गाडी सांगतो. पुण्याहून हावड्याला जाणारी आझाद हिंद एक्सप्रेस. नागपूरला उतरलात तर मॉइलचं मुख्यालय. त्यांचं मँगनीज नागपूर, भंडारा आणि पलीकडे बालाघाट जिल्ह्यात. गोंदियाला उतरून बालाघाटकडे गेलात तर हिंदुस्तान कॉपरचं मलाजखंड. रायपूरहून खाली बस्तरात गेलं की एनएमडीसी या सरकारी कंपनीचं लोहखनिजाचं बैलाडिला. राउरकेल्याच्या दक्षिणेला ओडिशाचा लोहपट्टा. टाटानगरला उतरा, जवळच जादुगोड्याची युरेनियमची मिल. एकाच गाडीच्या वाटेवर अख्खा व्यवसाय आहे, तिकीट वेगवेगळ्या स्टेशनांचं काढायचं.

त्या वाटेबाहेर राजस्थानात हिंदुस्तान झिंकच्या रामपुरा आगुचा, दरिबा, जावर. शिसं-जस्ताचं वेगवेगळं फ्लोटेशन शिकायचं तर देशात याहून चांगली शाळा नाही, असं माझं मत. सोलापूरवरून रायचूरला जाणारी गाडी पकडली तर हट्टीची सोन्याची खाण. आणि आपल्याच राज्यात गडचिरोलीचं सुरजागड, जिथल्या लोहखनिजावर आता कोनसरीला काम उभं राहतंय. घरापासून लांब, पण आडनाव नीट उच्चारणारी माणसं आजूबाजूला असतील.

पहिली नोकरी निवडताना पगार दोन हजारांनी कमी-जास्त बघू नका. प्लान्टवर स्वतःची लॅब आहे का, आणि पहिलं वर्ष पाळीत काढू देतात का, हे विचारा. "थेट ऑफिसमध्ये बसवू" म्हणणाऱ्याकडे मी तरी गेलो नसतो.

मुलींना घरचे हमखास सांगतात की खाणीवर बायकांना रात्रपाळी चालत नाही. ते जुनं झालं. २०१९ पासून लेखी संमती आणि सुरक्षेच्या अटींवर परवानगी आहे. अटी नीट पाळल्या जातात का, हे मात्र तिथे आधी काम करणाऱ्या बाईला विचारूनच ठरवा.

पायरी पाचवी: पहिलं वर्ष बादलीचं

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. कंट्रोल रूमचे पडदे खूप हुशार दिसतात. त्यांवरचा ग्रेडचा, म्हणजे मालातल्या धातूच्या टक्क्याचा, प्रत्येक आकडा शेवटी कुणीतरी घेतलेल्या नमुन्यावर, किंवा नमुन्यावरून जुळवलेल्या यंत्रावर उभा असतो. नमुना चुकला की पुढचं सगळं सुंदर खोटं.

माझं सांगतो. मध्य भारतातला प्लान्ट, पहिला पावसाळा, रात्रपाळी. टेलिंगचा, म्हणजे धातू काढून उरलेल्या टाकाऊ मालाचा, नमुना दर अर्ध्या तासाने घ्यायचा होता. पाटातून स्लरी वेगात वाहते, कटर (नमुना घ्यायचं फटीचं भांडं) जड, अंगावर उडतं. मी काठावरून मगाने वरची वर स्लरी उचलायला लागलो. रिकव्हरी छान यायला लागली, चारेक टक्क्यांनी. मी खुश, आणि साहेबही. महिनाअखेरीस कॉन्सन्ट्रेटचा (वेगळ्या काढलेल्या कामाच्या मालाचा) ढीग मोजला तर धातू हिशोबाएवढा नव्हताच. तीन दिवस सगळे वजनकाट्याला शिव्या घालत होते. शेवटी वीस वर्षं मिलवर काढलेले एक ऑपरेटर भाऊ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, मगाकडे बघितलं आणि म्हणाले, "वरवरचं कशाले घेऊन राहिले साहेब? माल तं खालून चालला."

खालून चालला होता. जाडे, पुरते न फुटलेले कण तळाशी वाहतात आणि अडकलेला धातू त्यांच्यातच असतो. मी फक्त वरचं बारीक, धातू नसलेलं पाणी मोजत होतो.

म्हणून नमुना असा घ्या: कटर प्रवाहाला आडवा, एका काठाबाहेरून दुसऱ्या काठाबाहेरपर्यंत, एकाच वेगाने. कटरची फट सर्वांत मोठ्या कणाच्या किमान तिप्पट, आणि कितीही बारीक माल असला तरी दहा मिलिमीटरहून कमी नाही. कटर भरून वाहिला तर तो नमुना फेकून द्या. बादलीतलं "जास्तीचं पाणी" ओतून देणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. पाण्याबरोबर बारीक कण जातात.

एक लिटरचा डबा आणि तराजू घेऊन घनता मोजायची सवयही याच वर्षी लावा. दगडाचं विशिष्ट गुरुत्व २.७ आणि लिटरभर स्लरीचं वजन १.६ किलो भरलं तर घन माल वजनाने साठ टक्क्यांच्या जवळ. मिलमध्ये साधारण ६५ ते ७५ टक्के असावा लागतो. पातळ झालं तर गोळे एकमेकांवर आपटत राहतात, घट्ट झालं तर राबडीत बुडून त्यांचा मारच बसत नाही.

रिकव्हरीचा हिशोब तीन ग्रेडवरून होतो: फीड (आत जाणारा माल), कॉन्सन्ट्रेट, टेलिंग. फीड ०.९ टक्के, कॉन्सन्ट्रेट २२, टेलिंग ०.०८. फीडमधून टेलिंग वजा करून कॉन्सन्ट्रेटने गुणा: १८.०४. कॉन्सन्ट्रेटमधून टेलिंग वजा करून फीडने गुणा: १९.७३. भागाकार, ९१.४ टक्के. आता टेलिंग ०.०८ ऐवजी ०.०४ धरून बघा. पंच्याण्णवच्या वर जातं. माझा मग एवढ्याच फरकाचा होता.

पायरी सहावी: कान आणि डोळे

चांगली चाललेली मिल एका सुरात गुरगुरते. आवाज खणखणीत, धातूवर धातूचा झाला तर आत माल कमी, गोळे लायनर फोडतायत. आवाज दबला, जणू गोधडीत गुंडाळला, तर मिल भरत चालली आहे. अशा वेळी नवखा अँपिअर बघतो. ते कमी झालेले दिसतात आणि त्याला वाटतं लोड हलका आहे, म्हणून तो आणखी फीड देतो. हीच चूक. ठरावीक भरावानंतर मिल वीज कमी खेचायला लागते, कारण आतल्या भाराचा गुरुत्वमध्य मिलच्या मध्याकडे सरकतो आणि तो फिरवायला जोर कमी लागतो. फीड तोडा आणि वाट बघा.

वेगाचा अंदाज हवा असेल तर ४२.३ ला व्यासाच्या वर्गमुळाने भागा, व्यास मीटरमध्ये. चार मीटरच्या मिलला मिनिटाला २१ फेऱ्या हा तो वेग, जिथे गोळे भिंतीलाच चिकटून फिरतील. प्रत्यक्षात त्याच्या तीनचतुर्थांशाच्या आसपास, सोळाएक.

सायक्लोनच्या तोंडाशी उभं राहा. खालून पडणारा माल उघड्या छत्रीसारखा फाकत असेल तर ठीक. दोरीसारखा सरळ घट्ट पडत असेल तर खालचं तोंड गुदमरलंय आणि जाडा माल वरच्या बाजूने फ्लोटेशनकडे निघाला आहे. आणखी एक सायक्लोन उघडा, फीडची घनता तपासा, तरीही दोरीच असेल तर स्पिगॉट, म्हणजे ते खालचं तोंड, बदलायचा.

जिवाच्या गोष्टी

यावर वाद नको. बंद केलेली मिल स्थिर नसते. आतला भार एका बाजूला कलंडलेला असतो, ती मागे झुलते. कुलूप स्वतःचं, चावी स्वतःच्या खिशात, मगच आत. जास्त वेळ बंद राहिलेल्या मिलमधला माल सिमेंटसारखा घट्ट बसतो. सरळ चालू केली तर तो गठ्ठा वरून एकदम कोसळतो. आधी इंचिंग ड्राइव्हने हळू फिरवून सुटा झाल्याची खात्री करा. सायनाइड असलेल्या प्लान्टवर पीएच साडेदहाच्या खाली येऊ द्यायचा नाही, विषारी वायू सुटतो. झँथेट या फ्लोटेशनच्या रसायनाची पिंपं ओल्या जागी, उन्हात ठेवायची नाहीत, ती तापून पेटू शकतात. क्रशरकडची धूळ सिलिकाची असते, आणि सिलिकोसिस बरा होत नाही. खाणीच्या हद्दीतल्या प्लान्टला खाणीचा कायदा लागू होतो (आधी १९५२ चा खाण कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी श्रम संहिता आहे), म्हणून रुजू होताना वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण असतं. छातीच्या पहिल्या एक्स-रेची प्रत मागून घ्या आणि घरी ठेवा. वीस वर्षांनी तुलनेला तोच लागतो.

पुढे

दोन-तीन वर्षं पाळीत काढली की वाटा फुटतात. कुणी प्लान्टवरच शिफ्ट इनचार्ज होऊन प्रॉडक्शनमध्ये राहतं, कुणी प्रोसेस इंजिनिअर होऊन आकड्यांत रमतं, कुणी ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, चिलीकडे जातं. एक्सेलमध्ये मास बॅलन्स (आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या मालाचा ताळा) करता येणं तोवर गृहीत धरतात. सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर तेव्हा शिका, आधी शिकलात तर चुकीच्या नमुन्याचं फार देखणं मॉडेल होईल.

आणि परत यायचं असेल तर पुणं आहेच. क्रशर, पंप, लायनर विकणाऱ्या आणि प्लान्ट डिझाइन करणाऱ्यांना अशी माणसं हवी असतात ज्यांनी ते रात्री तीन वाजता चालवून पाहिलेत. मी तसाच परतलो. आता महिन्यातले दहा दिवस गाडीत असतो, बॅगेत लिटरचा डबा आणि वाट बघणारा कोरडा सदरा. नागपूरच्या पुढे खिडकी उघडली की लाल धुळीचा वास येतो. तेव्हा मी सहप्रवाशाला विचारतो, "कापडाच्या की पिठाच्या?" त्याला कळत नाही, अर्थातच.